ग्रह पडत नाहीत, असे मुलांना सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांतून विज्ञान प्रदर्शनांची गडबड सुरू होते. सूर्यमालेची प्रतिकृती नाही असे प्रदर्शन विरळाच. मध्ये पिवळा बल्ब, भोवती तारांवर रंगवलेले थर्माकोलचे गोळे, खाली खोक्यात मोटर. बटण दाबले की ग्रह फिरू लागतात आणि शेजारी उभे असलेले मूल घोकलेले वाक्य म्हणते, "सूर्य ग्रहाला आत ओढतो, अपकेंद्री बल त्याला बाहेर ढकलते, दोन्ही बले समान असतात म्हणून ग्रह सूर्यावर पडत नाही." परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

या वाक्यात सूर्य ओढतो एवढेच खरे आहे. बाहेर ढकलणारे कोणी नाही. आणि ग्रह पडत नाही हेही खरे नाही, तो सारखा पडतच असतो. शिवाय दोन समान बले एकमेकांविरुद्ध लागली तर वस्तू सरळ रेषेत जाते, हे तेच मूल नववीत न्यूटनच्या पहिल्या नियमात शिकते. म्हणजे बले खरोखर समान असती तर पृथ्वी कधीच सरळ निघून गेली असती. दहावीच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडे ओढणारे, बल नीट दिलेले आहे, पण तोवर चौथी-पाचवीत बसलेला गैरसमज पक्का झालेला असतो. तो त्या वयातच कसा टाळता येईल, तेही घरात आणि किनाऱ्यावर मिळणाऱ्या वस्तूंनी, यासाठी हा पत्रप्रपंच.

सुरुवात गोफणीपासून करावी. भाताचा दाणा भरू लागला की पाखरे हाकायला ती अजून काही ठिकाणी निघते. राखणदार गोफण डोक्यावर गरगरा फिरवतो आणि एक टोक सोडतो. कधी सोडतो ते मुलांना पाहायला सांगा. दगड पाखरांच्या दिशेला, म्हणजे समोर आलेला असताना तो सोडत नाही. दगड बगलेला असताना सोडतो, तेव्हा तो समोर जातो. दगड खरोखरच बाहेर ढकलला जात असता तर तो समोर आला असतानाच सोडावा लागला असता. गोफणीतला दगड दर क्षणी सरळच जाऊ पाहतो आणि दोरी त्याला दर क्षणी वळवते. दोरी सुटली की वळवणारे कोणी उरत नाही, म्हणून तो त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता तिकडे सरळ जातो. हाताला बाहेरची ओढ जाणवते ती दोरीची. दोरी दगडाला आत ओढते आणि हाताला बाहेर, पण दगडाला बाहेर ओढणारे काही नसते.

वर्गात गोफण नको. प्लास्टिकच्या डब्याचे उभ्या कडेचे मोठे झाकण घ्या, सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचे. त्याचा चौथा भाग, केकची फोड काढावी तसा, कात्रीने कापून टाका. राहिलेला भाग फरशीवर ठेवा आणि आत कडेला लावून गोटी जोरात सोडा. कापलेल्या जागी आल्यावर ती कुठे जाईल, हे आधी खडूने फरशीवर काढायला लावा. बरीच मुले बाहेर वळलेली रेघ काढतात, काही जण वर्तुळच पुढे चालू ठेवतात. गोटी सरळ जाते. झाकण पातळ असेल तर कापलेली कड उचलली जाते आणि गोटी उडी मारते. अशा वेळी झाकण चिकटपट्टीने फरशीला पक्के करावे. आधी अंदाज आणि मग प्रयोग हा क्रम मात्र मोडू नये. उत्तर आधी सांगितले की मुले गोटीकडे पाहत नाहीत, गुरुजींच्या तोंडाकडे पाहतात.

सरळ जाणे कळले की पडणे घ्यावे. टेबलाच्या कडेवर फूटपट्टी तिरकी ठेवा, तिचे एक टोक कडेबाहेर येऊ द्या. त्या टोकावर एक नाणे ठेवा आणि दुसरे नाणे पट्टीच्या आतल्या बाजूला टेबलाच्या कडेला टेकवा. आतले टोक दाबून धरून पट्टी झटकन फिरवली की ज्या नाण्याखालून पट्टी निसटली ते जागच्या जागी पडते आणि दुसरे आडवे उडते. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर दोन्ही सुमारे ०.४ सेकंदात खाली येतात आणि 'टक्' असा एकच आवाज होतो. फरशी किंवा कोबा हवा. सारवलेल्या जमिनीवर आवाज बसका येतो आणि दोन की एक हे कळत नाही. दोन आवाज आलेच, तर पट्टी सपाट फिरवण्याऐवजी वर उचलली गेली असे समजावे. आडवा वेग कितीही असला तरी पडणे थांबत नाही आणि मंदावतही नाही, एवढेच या प्रयोगातून हवे आहे. पुढचे सगळे यावरच उभे आहे.

आता मुलांना समुद्रात घुसलेल्या एखाद्या कड्यावर कल्पनेने न्या. कडा ४५ मीटर उंच आहे आणि वर किल्ल्याची जुनी तोफ आहे. गोळा नुसता सोडून दिला तर सुमारे ३ सेकंदांत पाण्यात पडेल. सेकंदाला १०० मीटर वेगाने आडवा मारला तरी ३ सेकंदांतच पडेल, फक्त ३०० मीटर लांब. वेग दुप्पट केला तर ६०० मीटर. वाढवत राहिलो तर? इथे किनाऱ्यावरच्या मुलांना एक गोष्ट आयतीच ठाऊक असते. लांब जाणाऱ्या गलबताचे बूड आधी दिसेनासे होते आणि डोलकाठी शेवटी, कारण समुद्र सपाट नाही, तो वाकलेला आहे. पुळणीवर उभ्या असलेल्या मुलाचे डोळे दीड मीटर उंचीवर धरले, तर त्याचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. हिशेबाने पृथ्वीचा पृष्ठभाग ७.९ किलोमीटरवर ४.९ मीटरने खाली वाकतो. आणि कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटरच पडते. सोळा फुटांवरून सुटलेला नारळ बरोबर एका सेकंदात खाली येतो.

दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून थोडा वेळ गप्प बसावे. एखादे तरी पोर ओरडतेच की गोळा सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने मारला तर तो जितका पडेल तितकीच खालची जमीनही वाकलेली असेल. मग तो पडत राहील, पण जमिनीपासूनचे अंतर कमी होणारच नाही. हवा नाही आणि वाटेत डोंगर नाही असे धरले, तर पश्चिमेला मारलेला गोळा सुमारे ८४ मिनिटांनी पूर्वेकडून, सह्याद्रीच्या बाजूने, तोफेच्या मागून परत येईल. (तोवर तोफ बाजूला केलेली बरी.) कक्षा म्हणजे एवढेच: पडायचे, पण बाजूला इतक्या वेगाने जायचे की जमीन चुकावी. डोंगरावरच्या तोफेचे हे चित्र मुळात न्यूटनचे आहे.

मग चंद्र. तो पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे आपण केंद्रापासून जितके दूर आहोत त्याच्या ६० पट. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, तिप्पट झाले की नववा भाग. हे मुलांना टॉर्चने दाखवता येते: भिंतीपासून दुप्पट मागे सरकले की उजेडाचा गोल चौपट जागेवर पसरतो आणि तितका फिका होतो. (टॉर्चचा झोत पसरणारा हवा. दूरवर बारीक झोत टाकणाऱ्या टॉर्चने हे दिसत नाही.) ६० पट अंतरावर ओढ ३,६०० पटींनी कमी. ४.९ मीटरला ३,६०० ने भागा, उत्तर १.३६ मिलिमीटर येते. चंद्र दर सेकंदाला सुमारे एक किलोमीटर आडवा जातो आणि तेवढ्यात पृथ्वीकडे दीड मिलिमीटरही पडत नाही. त्याची वाट गोल व्हायला आणि २७.३ दिवसांत एक फेरी पुरी व्हायला तेवढे पडणे पुरते. झाडावरून पडणारे फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने चालतात, याचा आकड्यांतला पुरावा हाच. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख केला आहे आणि तो मुलांना अभिमानाने सांगावा. पण चंद्राला त्याच ओढीत बसवणारा हिशेब १६८७ साली छापलेल्या न्यूटनच्या ग्रंथातला आहे, हेही त्याच दमात सांगावे.

पृथ्वी आणि सूर्याचे गणितही तसेच. आपण सगळे घरेदारे, आंब्याच्या बागा आणि होड्यांसकट सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने चाललो आहोत. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याच्याही पुढे, एका सेकंदात. त्या सेकंदात पृथ्वी सूर्याकडे फक्त ३ मिलिमीटर पडते. सूर्यापासून दूरच्या ग्रहांवर ओढ कमी, म्हणून त्यांना वेगही कमी लागतो. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो आणि ८८ दिवसांत फेरी पुरी करतो, नेपच्यून ५.४ किलोमीटरने रखडत जातो आणि त्याला १६५ वर्षे लागतात. मोटरवरच्या प्रतिकृतीत सगळे ग्रह एकाच तबकडीवर एकदम फिरतात ते याचमुळे चूक.

वेग कमी-जास्त झाला तर काय, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. पृथ्वी जागच्या जागी थांबली तर ती सरळ सूर्याकडे पडू लागेल आणि सुमारे ६५ दिवसांत तिथे पोहोचेल. वेग सेकंदाला ४२ किलोमीटर झाला तर ती सूर्याच्या हातून कायमची सुटेल. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. वेग नेमका ठरावीकच लागतो आणि जरा चुकला की ग्रह गेलाच, अशी भीती मुलांना घालू नये. वेग थोडा इकडेतिकडे झाला तर कक्षा लांबट होते, इतकेच. पृथ्वीची कक्षाही किंचित लांबट आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे भातलावणीची धांदल चाललेली असताना, १५.२१ कोटींवर. जवळ असताना वेग ३०.३, दूर असताना २९.३. (उन्हाळा सूर्य जवळ आल्याने होतो हा समज इथे आपोआप निकालात निघतो.) वेगाचे महत्त्व सांगायला चांद्रयान-३ चे उदाहरण मुलांना जवळचे वाटते. १४ जुलै २०२३ ला ते निघाले, पण ५ ऑगस्टला चंद्राजवळ पोहोचल्यावर त्याला इंजिन चालवून वेग कमी करावा लागला, तेव्हा कुठे चंद्राच्या ओढीने त्याला धरले. वेग तसाच राहिला असता तर ते चंद्राला वळसा घालून निघून गेले असते.

प्रदर्शनासाठी मोटरच्या खोक्याऐवजी पुढचे साधन करावे. खर्च जवळजवळ नाही. बॉलपेनची रिकामी, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी घ्या. सव्वा मीटर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) नळीतून ओवा. वरच्या टोकाला २० ग्रॅमचा रबरी गोळा बांधा, खालच्या टोकाला लोखंडी वायसर, मिळून ६० ग्रॅम. सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या काट्यावर वजने नक्की करून घ्या. नळीच्या तोंडापासून गोळ्यापर्यंत तंगूस ५० सेंटिमीटर येईल अशा बेताने, नळीच्या खाली एक सेंटिमीटरवर तंगुसाला चिकटपट्टीचा तुकडा लावा. नळी मुठीत धरून गोळा डोक्यावर फिरवा आणि चिकटपट्टी वरखाली न होता एका जागी राहील असा वेग साधा. वायसरांचे वजन म्हणजे सूर्याची ओढ. १० फेऱ्यांना सुमारे ८ सेकंद लागतील. वायसर चौपट, म्हणजे २४० ग्रॅम केले की ४ सेकंद. फिरवताना तंगूस थोडा खाली झुकतो, त्याची काळजी नको, हिशेबात त्याने फरक पडत नाही.

बिघडते ते नेहमी ठरलेल्या जागी. नळीचे तोंड धारदार राहिले की तंगूस दहा-वीस फेऱ्यांत तुटतो, म्हणून तोंड पॉलिश पेपरने घासून गोल करावे. सुतळी वापरली तर ती नळीत अडकते आणि घर्षणामुळे आकडे चुकतात. चिकटपट्टी नळीला टेकली असेल तर ओढ वायसरांची राहत नाही, नळीची होते, आणि गोळा कितीही जोरात फिरवला तरी ते कळत नाही. तंगुसाला साधी गाठ सुटते. कोळीवाड्यातल्या कुणाकडूनही गळ बांधायची गाठ शिकून घ्यावी. गोळ्याच्या जागी दगड अजिबात नको, आणि फिरवणाऱ्यापासून इतर मुले निदान तीन मीटर लांब हवीत.

या साधनाची मर्यादाही मुलाने स्वतःहून सांगितली तर परीक्षकांनी त्याला जास्त गुण द्यावेत. वायसरांची ओढ गोळा जवळ असो वा लांब, तेवढीच राहते. सूर्याची तशी राहत नाही. त्यामुळे इथे तंगूस चौथाई केला तर फेरीचा वेळ निम्मा होतो, पण ग्रह चौथाई अंतरावर असेल तर त्याच्या फेरीचा वेळ आठवा भाग होतो. १६१९ साली केप्लरने मांडलेला तिसरा नियम तो हाच.

ताणलेल्या कापडावर मध्ये वजन ठेवून भोवती गोट्या फिरवण्याचा प्रयोग हल्ली फार लोकप्रिय आहे. दिसतो छान. पण गोटी घर्षणाने मंदावते आणि दहा-बारा सेकंदांत मधल्या खळग्यात जाऊन बसते, आणि ग्रहही शेवटी असेच सूर्यात जातात असे मूल मनाशी धरते. शिवाय गोटी खळग्याकडे का जाते, तर खाली पृथ्वी तिला ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरायचे! लहान मुलांसाठी तो टाळावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

ग्रह मंदावत का नाहीत, तर त्यांच्या वाटेत घासणारे जवळजवळ काही नाही. थोडी हवा असेल तिथे मात्र परिणाम दिसतो. घरातल्या मोठ्यांना स्कायलॅब हे अमेरिकेचे अंतराळ स्थानक आठवत असेल. वरच्या विरळ हवेने त्याचा वेग खाल्ला आणि ११ जुलै १९७९ ला ते कोसळले. आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि त्यालाही अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलावे लागते. तिथे अंतराळवीर तरंगताना पाहून मुले म्हणतात, वर गुरुत्व नाही. तिथली ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळपास ८९ टक्के असते. स्थानक आणि माणूस दोघेही सारखेच पडत असतात, म्हणून एकमेकांच्या मानाने तरंगतात. मग हा आडवा वेग ग्रहांना दिला कोणी? सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या ज्या फिरत्या ढगातून सूर्यमाला झाली, त्या ढगाचेच फिरणे ग्रहांकडे आले. म्हणून सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने जातात.

किनाऱ्यावरच्या शाळांनी याला भरती-ओहोटी जोडावी. तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढायचा हिशेब कोळीवाड्यात मुलांच्या कानावर असतोच: चतुर्थीला पाऊणपट तीन, म्हणून बारानंतर तीन तासांनी, साधारण तीनला भरती. अष्टमीला सहाला. खरा फरक दर तिथीला ४८ मिनिटांचा आणि हिशेब ४५ धरतो, त्यामुळे पौर्णिमेपर्यंत तो पाऊण तास मागे पडतो. तो का पडतो हे मोठ्या मुलांना शोधू द्यावे. एक प्रश्न त्यांना नक्की घालावा. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १७८ पट ओढतो, मग भरती चंद्राची मोठी का? भरती एकूण ओढीने येत नाही. पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीत जो फरक पडतो त्याने येते, आणि जवळच्या चंद्राचा तो फरक मोठा. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. दोघे एका रेषेत आले की अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, काटकोनात आले की अष्टमीची भांगाची भरती.

परीक्षकांना एक विनंती. सूर्यमालेच्या टेबलापाशी व्याख्या विचारू नका. प्रतिकृतीतल्या पृथ्वीवर बोट ठेवा आणि विचारा, "आत्ता सूर्य नाहीसा झाला तर ही कुठे जाईल? हाताने दाखव." हात सूर्यापासून सरळ बाहेर गेला तर मुलाला वाक्य पाठ आहे, इतकेच. हात कक्षेला स्पर्श करत सरळ पुढे गेला तर त्याला विषय कळला आहे. आणि एखादे म्हणालेच की पृथ्वी लगेच जाणार नाही, आठ-सव्वाआठ मिनिटांनी जाईल, कारण ओढ नाहीशी झाल्याची खबरही प्रकाशाच्याच वेगाने येते, तर त्याला कुठून कळले ते जरूर विचारा.

आपले,
काही विज्ञान शिक्षक, रत्नागिरी जिल्हा